नमुना पडताना पाहिला

फिनेलताईला जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस यायची आणि उरलेल्या निम्म्यांचा संशय. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी, बसमधली दांडी, ओल्या फडक्याचा कुबट वास, सगळ्याला तिचं नाक वर. कुणी बोटाला थुंकी लावून कागद उलटला की ती त्या कागदाला हात लावायची नाही. सासूबाईंनी घासलेली कढई ती उजेडात धरून बघायची, काही न बोलता पुन्हा घासायची, आणि त्या न बोलण्यावरूनच घरात दोन दिवस अबोला चालायचा. तिच्या ओढणीला, पर्सला, अगदी नोकरीच्या ओळखपत्रालासुद्धा फिनेलचा वास यायचा. नाव पडायला आणखी काय लागतं?

तर अशा बाईच्या नशिबी काय यावं? लेंड्या गोळा करणं!

चौदा वर्षं तिने जनावरांच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतल्या होत्या. सुखाची नोकरी होती. गरम पाणी, साबण, ब्रश, आणि शेवटी उलट्या लावून ठेवलेल्या नळ्यांची चकचकीत रांग. मग एक दिवस नळ्या धुणारं मशीन आलं. साहेबांनी तिला बोलावून, खुर्ची देऊन, गोड आवाजात सांगितलं, “ताई, तुमच्याइतकं नीटनेटकं माणूस आमच्याकडे दुसरं नाही. कुरणावरचे नमुने घ्यायला असंच कुणीतरी हवं.” खुर्ची दिली तेव्हाच तिला समजायला हवं होतं.

कुरण म्हणजे शहराबाहेर, तारेच्या कुंपणाआड पसरलेला मोठा गवताळ माळ. त्यात तीनेकशे काळविटं मोकळी फिरायची. खायला गवत, प्यायला दोन तळी, आणि माणसांनी लांबूनच बघायचं असा नियम. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यात आतड्याचा एक चिवट रोग शिरला. जनावर चरतंय, पळतंय, सगळं ठीक दिसतं, आणि आतून पोखरत जातं. औषध नाही. पसरतो तो शेणातून. म्हणून दर पंधरा दिवसांनी लेंड्या तपासायला पाठवायच्या. एकदा दोष निघाला तर पुन्हा तपासायच्या. लागोपाठ दोनदा निघाला की बंदूक. एकाला मारून बाकीच्यांना वाचवायचं, असं ते गणित होतं.

आता काळविटाच्या नराची एक सवय सांगायला हवी, कारण सगळा घोळ त्या सवयीपाशीच आहे. पोक्त झालेला नर माळाचा एक तुकडा स्वतःचा म्हणतो आणि त्याच्या मधोमध रोज त्याच एका जागी लेंड्या टाकतो. महिनोन्‌महिने. बघता बघता चटईएवढा ढीग होतो. हीच त्याची दारावरची पाटी. बरं, टाकून गप बसावं की नाही? हा बहाद्दर दुपारी पाय दुमडून त्याच ढिगावर बसतो आणि डोळे अर्धवट मिटून रवंथ करतो. फिनेलताईने पहिल्यांदा हे पाहिलं त्या दिवशी तिला घरी जेवण गेलं नव्हतं.

फार पूर्वी कुणा हुशार माणसाने प्रत्येक ढिगापाशी एक लोखंडी खुंटी ठोकून तिच्यावर नंबर रंगवला होता. बारा ढीग, बारा खुंट्या, बारा नर. उरलेले बिनढिगाचे, तरुण, टोळीटोळीने भटकणारे नर होते की चांगले पन्नासेक. पण त्यांना, आणि हरिणींनाही, खुंटी नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून फॉर्मवर रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून तपासणी नाही. ऑफिसात हे कुणालाही खटकलं नव्हतं.

फॉर्मवर शेवटची ओळ अशी होती : ‘नमुना पडताना पाहिला? होय / नाही.’ म्हणजे दुर्बीण घेऊन गवतात बसायचं, तोच नर तीच लेंडी टाकतोय हे डोळ्यांनी बघायचं, आणि पाच मिनिटांत चिमट्याने उचलून डबीत घालायची. ‘नाही’वर खूण असलेला नमुना सरळ कचऱ्यात जायचा.

या बारांपैकी सात नंबरच्या नरावर तिचा खास राग होता. फाटकावरचे म्हातारे काका, ज्यांना सगळे फाटककाका म्हणत, त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं जहागीरदार. दिसायला देखणा होता, हे तीसुद्धा मान्य करायची. पाठ आणि कुशी डांबर फासल्यासारख्या काळ्याभोर, पोट पांढरंशुभ्र, आणि दोन्हींच्या मधली रेघ पट्टीने आखल्यासारखी. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. शिंगं लांब, पीळ दिलेली, बुडापासून वरपर्यंत कड्या कड्या.

“काय रुबाब आहे!” फाटककाका म्हणायचे. “ताई, बघा, बघा चाल.”

“बघितली,” ती म्हणायची. “त्याचं तोंड कुठे कुठे जातं तेही बघितलंय.”

आणि खरंच, रुबाब तेवढा लांबूनच होता. हरिणी तुकड्यात शिरल्या की जहागीरदार नाक आभाळाकडे करायचा, शिंगं पाठीवर टेकवायचा, कान पाडायचा, शेपटी वर गुंडाळायचा आणि तुरूतुरू पावलं टाकत घशातून घुर्र घुर्र आवाज काढत त्यांच्याभोवती फिरायचा. एखादी मुतली की लगेच तिथे तोंड. मग वरचा ओठ उलटा करून, हिरड्या दाखवत, मान वर करून उभा राहायचा, चव ओळखत असल्यासारखा. शी! आणि डोळ्याखाली ती फट. ती उघडली की आत काळं, चिकट काहीतरी दिसायचं. हा गवताची काडी शोधायचा, तिचं टोक अलगद त्या फटीत घालायचा आणि काजळ फासावं तसा तो चिकटा काडीला फासायचा. अशा शेकडो काड्या. एकदा त्यातली एक फिनेलताईच्या बाहीला लागली. तो सदरा तिने तीनदा उकळला आणि चौथ्यांदा भंगारवाल्याला दिला.

घरी यायची ती मागच्या दाराने. बूट बाहेर, कपडे बादलीत, आधी आंघोळ. नवरा बेकरीत भट्टीवर काम करायचा, दुपारीच घरी आलेला असायचा. “आल्या का बाईसाहेब? आज किती मोती वेचले?” असं रोज विचारायचा, आणि ती रोज न्हाणीघरातून ओरडायची, “मी जेवेपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलू नका!”

सुरुवातीला कामाला दोघं होती. सहा ढीग तिचे, सहा चष्मेवाल्याचे. चष्मेवाला मध्यमवयीन, गरीब स्वभावाचा, सतत खिशात शेंगदाणे. एक दिवस तिने बघितलं, हा पठ्ठ्या एकाच ढिगापाशी उकिडवा बसलाय आणि सहाच्या सहा डब्या तिथूनच भरतोय. झालं! फिनेलताईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेंड्यांची किळस वेगळी, ही किळस वेगळी. ती तडक डॉक्टरांकडे गेली. कुरणाचे डॉक्टर शांत, कमी बोलणारे. त्यांनी चष्मेवाल्याला समोर उभं केलं, त्याने मान खाली घातली, आणि महिन्याअखेरीस त्याला घरी बसवलं. जाताना तो तिला एवढंच म्हणाला, “ताई, उन्हात सहा वेळा तीन तीन तास बसून दाखवा.” त्यावर ती म्हणाली, “मी बसते.”

आणि बसलीही असती. पण त्याच्या जागी कुणी आलंच नाही. बाराही ढीग तिच्या गळ्यात पडले.

तीन तास गवतात बसायचं. डोक्यावर ऊन. डोळ्यांत, कानांत, ओठांच्या कडांवर माश्या, त्याच माश्या ज्या आत्ताच त्या ढिगावरून उठून आल्यात. आणि दुर्बिणीत काय बघायचं, तर एका जनावराचं ढुंगण. ते कधी शेपटी उचलतंय याची वाट बघायची. एका दुपारी माशी तिच्या घशात गेली. ती ओकली, पुन्हा ओकली, आणि डोळे पुसून वर बघते तर जहागीरदार ढिगावरून उठून लांब गेलेला. ढिगाच्या माथ्यावर ओली, ताजी लेंडी चकाकत होती. तिने पाहिलं नव्हतं. पण ढीग साताचा, तर लेंडी कुणाची असणार? तिने श्वास रोखून चिमट्याने उचलली, डबीत घातली, ‘होय’वर खूण केली. सात मिनिटांत काम झालं.

त्यानंतर ती बसलीच नाही. सकाळी फेरी मारायची, प्रत्येक ढिगाच्या माथ्यावरची ताजी बघायची, उचलायची, ‘होय’. आपण खोटं लिहितोय असं तिच्या मनालाही शिवलं नाही. चष्मेवाला एका ढिगाच्या लेंड्या सहांच्या नावावर खपवायचा. ती ज्याची त्याच्याच नावावर घालत होती. यात लबाडी कसली? तिला तर उलट ते जास्त स्वच्छ वाटायचं.

मग सात नंबरचा नमुना दोषी निघाला. पंधरा दिवसांनी पुन्हा घेतला, तोही दोषी.

गुरुवारी डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. “जहागीरदार गेला म्हणायचा,” ते म्हणाले. “शनिवारी सकाळी नेमबाज येईल. उद्या दिवसभर तुम्ही त्याच्यावर नजर ठेवा. कुठे चरतो, कुठे बसतो, म्हणजे शनिवारी शोधाशोध नको. आणि जनावर कुठलं ते तुम्हीच दाखवा, दुसरंच मारायला नको.”

खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं. तो चिकटा, ती उलट्या ओठांची थोबाडं, आता नाहीत. फाटककाका मात्र खुर्चीत बसून राहिले. “सात वर्षं बघतोय त्याला,” म्हणाले. “धावतो अजून सगळ्यांच्या पुढे. रोगी जनावर असं धावतं का हो, ताई?”

“आतून असतं ते काका. बाहेरून दिसत नाही,” ती डॉक्टरांसारख्या आवाजात म्हणाली.

शुक्रवारी, कित्येक महिन्यांनी, ती पहिल्यांदा पूर्ण दिवस सात नंबरपाशी बसली. नाकाला रुमाल, हाताला रबरी मोजे, मांडीवर दुर्बीण. जहागीरदार चरला, बसला, उठला. पाय जरा फाकवून खाली झुकला आणि ढिगावर लेंड्या टाकल्या. काळ्या, कोरड्या, सुट्या, शेंगदाण्याएवढ्या. टपटप आवाज आला. तिने नाक मुरडलं.

मग तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं. कोरड्या? सुट्या? डबीत घातलेल्या त्या दोन्ही वेळच्या तर मऊ होत्या, एकमेकींना चिकटलेल्या. तिने फॉर्मवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मऊ, चिकट’.

अकराच्या सुमाराला हरिणींचा घोळका लांबून गेला आणि जहागीरदार नाक वर करून त्यांच्यामागे निघाला. ढीग मोकळा झाला. पाच मिनिटं झाली असतील नसतील, झुडपामागून एक तरुण नर बाहेर आला. अंगावर तपकिरी आणि काळी अर्धवट ठिगळं, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. मांड्यांवर मागून शेपटीपर्यंत हिरवट घाण वाळून पापुद्रे धरलेले. बघून फिनेलताईला उमासा आला. मनातल्या मनात तिने त्याचं नाव ठेवूनही टाकलं, मळक्या. मळक्याने इकडेतिकडे बघितलं, चोरपावलांनी ढिगापाशी गेला, हुंगला, आणि मग त्याच्यावरच पाय फाकवून खाली झुकला.

जे पडलं ते मऊ होतं, चिकट होतं, आणि ढिगाच्या बरोबर माथ्यावर पडलं. उन्हात ओलं चमकायला लागलं.

ती तशीच बसून राहिली. माशी ओठावर बसली तरी कळलं नाही. दुपारपर्यंत मळक्या आणखी एकदा येऊन गेला, आणि त्याच्या टोळीतला दुसराही एक. जहागीरदार परत आला, ढीग हुंगला, पायाने उकरला, वर स्वतःच्या टाकल्या आणि पुन्हा त्याच्यावर बसला.

ती धावतपळत फाटकावर गेली. “काका, त्या ढिगांवर दुसरे नर जातात?”

फाटककाका हसले. “न जायला काय झालं? मालक हलला की एकेक येऊन हजेरी लावून जातो. आमच्या चाळीत एकच नळ होता ना, तसलं. माझ्या खिडकीतून रोज तमाशा दिसतो.”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत ते?”

“मला कुणी विचारलं का? आणि बोलून काय, तुम्ही पडताना बघूनच उचलता की.” काकांनी तिच्याकडे बघितलं. “बघता ना?”

“हो, हो. म्हणजे काय,” ती म्हणाली आणि वळली.

दुपारी ती पुन्हा गवतात बसली. जहागीरदार उठायची वाट बघत, अगदी जवळ सरकून, पोटावर पालथी पडून. त्याने टाकल्या तशी ती पुढे झाली. तो दहा पावलं उडी मारून लांब झाला आणि वळून तिच्याकडे बघत राहिला. कोरड्या, गरम लेंड्या तिने डबीत भरल्या आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेली. एक शब्द बोलायचा होता. रस्ताभर ती तो शब्द जुळवत होती.

“हे सात नंबरचं आहे,” तिने डबी टेबलावर ठेवली. “ताजं. हे तपासून घ्या. तोवर उद्याचं थांबवा.”

डॉक्टरांनी डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे. “याचा निकाल यायला चार आठवडे. तोवर तो माळभर रोग पसरवणार. दोनदा दोष निघालाय, ताई. थांबवायला मला कारण हवं. आधीच्या नमुन्यांत काही गडबड आहे का? असेल तर सांगा. आत्ता फोन करतो, नेमबाज येणार नाही.”

फोन टेबलावरच होता. डॉक्टरांचा हात त्याच्यावर होता.

“गडबड अशी नाही, पण...” ती म्हणाली.

“नसणारच,” डॉक्टर म्हणाले. “खरं सांगू? आमच्याकडे येणाऱ्या इतर फॉर्मवर मी दहादा विचार करतो. तुमच्या फॉर्मवर डोळे मिटून सही करतो. त्या चष्मेवाल्याला तुम्ही पकडून दिलंत म्हणून ते निभावलं. त्याला मी या खोलीत उभं करून काय काय बोललो होतो, तुमच्या समोरच.” त्यांनी फॉर्म उलटून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “तरी विचारतो. दोन्ही वेळा नमुना पडताना पाहिला होता?”

खोलीच्या दाराशी कारकून कागद घेऊन उभा होता. त्याने मान वर केली. तिला चष्मेवाल्याची खाली घातलेली मान दिसली, टेबलाच्या याच कडेशी. एक शब्द तर होता. तिने तोंड उघडलं आणि दुसराच बाहेर पडला.

“होय.”

डॉक्टरांनी फोनवरचा हात काढला.

घरी आल्यावर ती न्हाणीघरात इतका वेळ राहिली की सासूबाईंनी दार ठोठावलं. नवऱ्याने ताट वाढून ठेवलं होतं. “आज मोती जास्त होते वाटतं?” तो म्हणाला. ती ओरडली नाही. मग त्याने हळू आवाजात विचारलं, “काय झालं गं?” “काही नाही, ऊन लागलं,” ती म्हणाली. जेवताना मात्र किळस येत होती ती ताटातल्या कशाची नव्हती.

शनिवारी सकाळी गाडीत डॉक्टर पुढे, ती आणि नेमबाज मागे. नेमबाज पोरगेलासा होता, लग्नाला चालल्यासारखा इस्त्रीचा सदरा घालून आलेला. जहागीरदार ढिगापाशीच होता. गाडी बघून पळाला नाही. गाडीत ती होती. रोज घिरट्या घालणारी बाई त्याच्या ओळखीची झाली होती बहुतेक. त्याने नाक वर केलं, शिंगं पाठीवर टाकली, आणि आपला तुकडा राखायला तुरूतुरू चार पावलं गाडीच्या दिशेने आला.

“सात नंबर हाच ना?” नेमबाजाने विचारलं.

सात नंबर तोच होता. त्यात खोटं काही नव्हतं.

“हाच,” ती म्हणाली.

आवाज झाला तशी माळावरची सगळी काळविटं एकदम उंच उड्या मारत सुटली. जहागीरदारनेही मारली, त्यांच्यासारखीच, चारी पाय वर. खाली आला तो मात्र ढिगावर आडवा.

शेडमागच्या ताडपत्रीवर डॉक्टरांनी त्याला उघडलं. कागदावर रोग लिहायचा म्हणजे आतडं बघावंच लागतं. रोगी आतडं जाड होतं, आतून सुरकुतलेलं, ओल्या जाजमासारखं, हे त्यांनी तिला पूर्वीच सांगितलं होतं. ती शेजारी बादली धरून उभी होती, आता आपण ओकणार याची खात्री बाळगून. डॉक्टर हातभर आतडं काढायचे, कापायचे, पाण्याने धुवायचे, बोटांत धरून उजेडात बघायचे. पुन्हा हातभर. आतडं पातळ होतं, गुळगुळीत, गुलाबी. तिने आयुष्यभर कढया आणि नळ्या उजेडात धरून बघितल्या होत्या. स्वच्छ वस्तू कशी दिसते हे तिला कुणी सांगायला नको होतं. त्याला वास येत होता तो ओल्या गवताचा. ओकारी काही आली नाही. त्या ताडपत्रीवर घाण होती ती एवढीच, गमबूट घालून बादली धरून उभी असलेली.

डॉक्टर शेवटपर्यंत गेले. मग बसल्या जागीच थांबले. “सुरुवात असेल,” ते म्हणाले. “सुरुवातीला कधीकधी डोळ्यांना दिसत नाही. तसं लिहितो.”

बघा, सुटका समोर वाढून ठेवली होती. मान डोलवायची, बादली धुवायची, घरी जायचं. बिनबोभाट.

“नाही डॉक्टर,” ती म्हणाली. “तसं लिहू नका. मी पाहिलं नव्हतं.”

“काय पाहिलं नव्हतं?”

“पडताना. एकदाही नाही. ढिगावरची उचलायची. तिथे दुसराच नर येतो, आजारी आहे, त्याला खुंटी नाही. त्याचं होतं ते. काल तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.”

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हातावर पाणी घेत राहिले, एकेक बोट धूत. “काल माझा हात फोनवर होता, ताई,” ते म्हणाले. आणि मग, टॉवेल शोधत, तिच्याकडे न बघता, “त्या चष्मेवाल्याला मी काय तोंड दाखवू?”

सोमवारपासून येऊ नका, असं त्यांनी सांगितलं. आजचा दिवस तिचा होता.

ती फाटकावरून गेली तेव्हा फाटककाकांनी तिच्याकडे पाठ केली. ती सात नंबरच्या खुंटीपाशी आली. ढिगावर रक्त सुकून काळं झालं होतं आणि माश्यांचं मोहोळ बसलं होतं. ती जवळच गवतात बसली. रुमाल लावला नाही. रबरी मोजे बादली घासताना फाटले होते, ते खिशातच राहिले.

दुपार टळायला लागली तेव्हा मळक्या आला. आता त्याला चोरपावलं टाकायची गरज नव्हती. ढीग हुंगला, ओठ उलटा करून मान वर केली, डोळ्याखालची फट उघडून एका काडीला चिकटा फासला. आणि मग जहागीरदारच्या रक्तावर पाय फाकवून खाली झुकला. हरिणींचा घोळका लांब उभा राहून त्याच्याकडे बघत होता. उद्यापासून त्या या तुकड्यात येणार होत्या, याच ढिगाभोवतीचं गवत खाणार होत्या.

ती हात पुढे करून धावली. चिमटा काढायला वेळ नव्हता. जे पडलं ते तिने उघड्या तळहातावर झेललं. गरम, पातळ, बोटांमधून गळणारं. मळक्या दचकून पळाला. तिने ते डबीत निपटून घातलं, झाकण लावलं आणि स्वच्छ हाताने फॉर्म काढला. नराचा क्रमांक, या रकान्यापाशी ती अडली. क्रमांक नव्हता. तिने ‘मळक्या, खुंटी नाही’ असं लिहिलं. शेवटच्या ओळीत ‘होय’वर खूण केली, आणि खाली, जिथे काही लिहायची जागा नव्हती तिथे, सात नंबरच्या दोन्ही नमुन्यांच्या तारखा घालून पुढे ‘नाही’ लिहिलं आणि सही केली. दुसरा हात तिने अंगापासून लांब धरला होता. त्याच्यावर माश्या येऊन बसल्या होत्या. तिने त्या हाकलल्या नाहीत.